पोलीस आपलेच होते ना, बाई?

12 जानेवारी जवळ आली की सोलापुरातल्या कुठल्याही शाळेत चार नावं पोरं एका दमात म्हणतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1931 साली याच तारखेला येरवड्यात चौघांना फाशी झाली. का झाली विचारलं, तर वर्ग एका सुरात ओरडतो, ‘‘इंग्रजांशी लढले म्हणून!’’ टाळ्या, भारतमाता की जय, तास संपला.

यंदा पाचवीच्या वर्गाला मी मे 1930 पासून सांगायला घेतलं. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली, गिरण्यांचं सोलापूर आधीच तापलेलं. 8 मेला लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. त्या झाडांपासून निघणाऱ्या ताडीवरचा कर सरकारच्या तिजोरीत जायचा, म्हणून राग झाडांवर. गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. मग जमाव उलटला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, कोर्ट पेटलं, दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस गावात सरकार उरलंच नाही. चौकाचौकांत कार्यकर्ते रहदारी बघत होते. पोरांना हे भारी आवडलं. पाचवीतल्या पोराने रस्त्यात हात करून टांगा थांबवायचा, याहून मोठं स्वराज्य कुठलं! 12 मेला लष्कर आलं, 30 जूनपर्यंत मार्शल लॉ. गांधी टोपी घातली तरी मार. खटला त्या पोलिसांच्या खुनाचा. हे चौघे त्या खुनात नव्हतेच, असं सोलापूर आजही मानतं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून हात वर आला. या पोरीचे वडील हवालदार आहेत, वर्गाला ठाऊक आहे.

‘‘बाई, ते दोन पोलीस इंग्रज होते?’’

‘‘नाही गं. इथलेच.’’

‘‘मग ते आपलेच होते ना? त्यांचा पुतळा कुठंय?’’

मागून एक जण फिस्सकन हसला. तिने मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुस्तकात शिरला. पाठ्यपुस्तकाने या प्रश्नाची सोय केलेली नाही. ‘ते इंग्रजांचे नोकर होते’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण तिच्या तोंडावर ते म्हणवेना, शिवाय ते पुरतं खरंही नाही. पगार इंग्रजांचा, पण घरी चूल मराठी-कानडीच पेटत असणार. मी तेच सांगितलं. आपली माणसं दोन्हीकडे होती, काठी हातात देणारा मात्र मागे बंगल्यात बसला होता. आणि जमावाने त्यांना मारलं ते मला बरोबर वाटत नाही, असंही म्हटलं. गांधीजींनाही ते रुचलं नसतं. यावर वर्गात जी भांडाभांडी झाली ती घंटा होईस्तोवर. ‘‘गोळी आधी कुणी मारली?’’ ‘‘हुकूम होता.’’ ‘‘हुकूम नाही ऐकला तर?’’ ‘‘नोकरी जाते, येड्या.’’

दुसऱ्या दिवशी गेटपाशी तिचे वडील भेटले, ड्युटीवर निघालेले. ‘‘काय शिकवलात बाई? पोरगी रात्रभर डोकं खाल्ली की माझं. पप्पा, तुम्हाला मारा म्हटलं तर तुम्ही माराल का, म्हणून.’’

‘‘मग, काय सांगितलंत?’’

‘‘जेव म्हटलो गप. तर म्हणे, हे उत्तर नाही.’’