बंदर चार दिवस बंद, सोलापूरला फटका किती दिवस?

न्हावा-शेवा बंदर वर्षाला किती कंटेनर हाताळतं, या आकड्याचा सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलवाल्याला फारसा उपयोग नाही. त्याने विचारायचं ते वेगळंच: बंदर अडलं तर कुठे अडेल, आणि साठलेला माल निघायला किती दिवस लागतील?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजा-३ ही जहाजं धडकली. कंटेनर पाण्यात पडले आणि मुंबई, न्हावा-शेवा दोन्ही बंदरांची ये-जा काही दिवस ठप्प झाली. जून २०१७ च्या नॉटपेट्या सायबर हल्ल्यात मात्र न्हावा-शेव्याचं जीटीआय हे एकच टर्मिनल (बंदरातला माल चढवण्या-उतरवण्याचा स्वतंत्र धक्का) अडकलं, शेजारची चालू राहिली. संगणक बसला तर टर्मिनल बदलता येतं. चॅनेल (जहाजांची बंदरात येण्या-जाण्याची वाट) बंद पडला तर नाही, कारण तो सगळ्यांचा एकच. म्हणून बंदर तपासताना आधी सामायिक गोष्टी बघाव्यात: चॅनेल, गेटचा रस्ता, रेल्वे, वीज. क्रेन किती आहेत हे नंतर.

आता दिवसांचा हिशोब. समजा, टर्मिनल रोज ३,००० बॉक्स, म्हणजे कंटेनर, हलवतं आणि ताणून ३,६०० पर्यंत जातं. चार दिवस बंद म्हणजे १२,००० साठले. उघडल्यावर रोजचे ३,००० येतच राहतात, त्यामुळे जुन्यातले रोज ६००च निघतात. झाले २० दिवस. ताणून ३,१०० च होत असतील तर १२०! ‘शंभर टक्के क्षमतेने चालणारं बंदर’ हे कौतुक ऐकलं की म्हणूनच धास्ती वाटते. शिवाय यार्ड (कंटेनर रचून ठेवायची जागा) भरलं की खालचा एक बॉक्स काढायला वरचे तीन हलवावे लागतात, म्हणजे प्रत्यक्षातला वेग कागदापेक्षा कमीच.

टॉवेल थांबू शकतो. एलसीतली (बँकेच्या पतपत्रातली) शेवटची शिपमेंट तारीख थांबत नाही. ती ठरवताना पावसाळ्यात तीन आठवडे हाताशी ठेवावेत. चेन्नईला वळवायचं तर रस्ता दुपटीहून लांब, युरोपचं जहाज श्रीलंकेला वळसा घालून जाणार, कस्टम्सचे कागदही बदलावे लागणार.

डाळिंबाची गोष्ट निराळी. रीफर, म्हणजे थंड कंटेनर, विजेवर चालतो आणि यार्डातले प्लग मोजकेच. ते भरले की ट्रेलर गेटबाहेर जनसेटच्या (जनरेटरच्या) डिझेलवर उभा. बंदर बंद झाल्याचं कळताच रीफर भरणं थांबवावं आणि फळ इथल्याच शीतगृहात ठेवावं.