घाटाखालची बॅटरी: ठाण्याहून चोंढ्याला

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेल्या वर्षी ३० किलोवॉटचं सोलर बसलं. सोसायट्यांना केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्याचाही हातभार लागला. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल निम्म्याच्या खाली आलं. दुपारी गच्चीवर गेलं की इन्व्हर्टरवरचा आकडा बघून मला अजून आनंद होतो. पण संध्याकाळी सात वाजता लिफ्टला उसंत नसते, घरोघरी दिवे-पंखे चालू असतात आणि त्याच इन्व्हर्टरवर शून्य असतं. ते शून्य डोक्यातून जाईना. पाणी डोंगरावर चढवून वीज साठवणारा, म्हणजे बॅटरीसारखाच, एक प्रकल्प शहापूर तालुक्यात चोंढ्याला आहे. तो बघायला फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कसारा लोकल पकडली.

टिटवाळा, खडवली, वासिंद मागे टाकत आसनगावला उतरले. तिथून शहापूर आणि शहापूरहून डोळखांबची एसटी. शेणवे सोडलं की भाताची रिकामी खाचरं लागतात आणि समोर सह्याद्रीचा कडा उभा राहतो. ट्रेकर मंडळी या रस्त्याने आजोबाच्या डोंगराला किंवा सांधण दरीच्या तोंडाशी जातात. मला जायचं होतं चोंढ्याला.

डोळखांबला टपरीवर चहा घेतला. कुठे निघालात, असं टपरीवाल्या मावशींनी विचारलं. धरण बघायला, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "वरचं पाणी खाली येतं, खालचं परत वर जातं. आमच्या हंड्यात कधी येतंय ते सांगा, ताई."

मला उत्तर देता आलं नाही. तानसा आणि भातसा याच तालुक्यातली धरणं, मुंबईची तहान भागवणारी. आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते.

चोंढ्याला घाटघर उदंचन (म्हणजे खालचं पाणी परत वर चढवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आहे. वरचं धरण कड्यावर, अकोले तालुक्यातल्या घाटघरला. म्हणजे एक पाय ठाणे जिल्ह्यात, दुसरा अहिल्यानगरात, आणि मध्ये चारशे मीटरहून जास्त उंचीचा कडा. वीजघर डोंगराच्या पोटात आहे. फाटकावरच्या दादांनी परवानगीशिवाय आत जाता येणार नाही असं नीट समजावून सांगितलं, म्हणून रस्त्याकडेच्या उंचवट्यावर जाऊन बसले. काठावर ओल्या मातीचा एक रुंद पट्टा होता, नुकतं पाणी उतरल्यासारखा. या धरणाचा श्वासच तो.

आत १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. पाणी वरून सोडलं की ते वीज करतात, उलटे फिरवले की तेच पंप होतात आणि पाणी वर चढवतात. चढवायला साधारण चार युनिट लागली तर उतरताना तीनच्या आसपास परत मिळतात. तोटा आहेच, पण हवी त्या वेळी वीज हाताशी असणं याचं मोल मोठं. एकदम २५० मेगावॉट, म्हणजे आमच्यासारख्या आठ हजारांहून जास्त गच्च्या. तीसुद्धा सूर्य बुडाल्यावर!

जपानी कर्जातून उभा राहिलेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. तेव्हाचा हिशेब असा होता: औष्णिक केंद्रं रात्री बंद करता येत नाहीत, तर त्यांच्या रात्रीच्या विजेवर पाणी चढवायचं. आता दिवसाची सौर वीज वाढते आहे, तसा हिशेब पालटतो आहे. साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला उभा राहिला, शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता यावं म्हणून. तेव्हा पाणी चढवायचं ते दुपारीच, उन्हाच्या जोरावर. मला तरी यात शंका वाटत नाही.

वाऱ्याचा आधार आहे, पण हंगामी. साताऱ्याच्या चाळकेवाडीला जुलैत गेले होते तेव्हा छत्री उघडता येत नव्हती आणि पवनचक्क्या धुक्यात घरघरत होत्या. आमच्या गच्चीवर ढग असतात तेव्हा पठारावर वारा असतो, ही जोडी निसर्गानेच जमवली आहे. पावसाळा सरला की मात्र वारा मंदावतो. मग संध्याकाळ सांभाळायला साठवलेली वीजच हवी. टाटा पॉवरचा १,००० मेगावॉटचा असाच प्रकल्प कर्जतजवळ भिवपुरीला होतो आहे. असे प्रकल्प सह्याद्रीतच होणार, कारण उंची इथेच आहे. आणि जंगल इथेच आहे, पाडेही इथेच. ज्यांच्या डोंगरातून पाणी चढवायचं त्यांच्या घरात आधी नळ यायला हवा. हे मला चोंढ्याला बसून जितकं टोचलं तितकं ठाण्यात कधी टोचलं नव्हतं.

परतताना डोळखांबला एसटीला वेळ होता. मावशींनी विचारलं, "दिसलं का धरण?"

"दिसलं, लांबून."

त्यांनी चहा पुढे केला, स्टोव्ह बंद केला आणि हंडा कमरेवर घेऊन हातपंपाकडे निघाल्या. दिवेलागणीच्या आत त्यांना दोन खेपा करायच्या होत्या.