बॅग गिलीला, सेल माझ्याजवळ

विमानप्रवासात बॅग हरवली तर काय करायचे, हे मला तोंडपाठ होते. बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन 'पीआयआर' हा तक्रारीचा अर्ज भरायचा आणि त्याचा क्रमांक जपून ठेवायचा. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे एकवीस दिवसांत बॅग मिळाली नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. त्या भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबापुरते चलन), म्हणजे आपल्या पैशांत पावणेदोन लाखांच्या आसपास झाली आहे, हेसुद्धा मी निघण्यापूर्वी वाचून ठेवले होते. मे २०२५ मध्ये बालीत माझी बॅग हरवली तेव्हा या ज्ञानाचा काडीचाही उपयोग झाला नाही, कारण विमान कंपनीने ती मुंबईहून देनपासारपर्यंत व्यवस्थित आणून माझ्या हातात दिली होती. ती हरवली त्यानंतरच्या शंभर किलोमीटरांत, विमानतळावरून आमेदला जाणाऱ्या सामायिक गाडीतून.

माझी नणंद आणि मी, दोघीच गेलो होतो. आमेद आणि तुलांबेन ही बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरची गावे डायव्हिंगसाठी प्रसिद्ध आहेत आणि विमानतळापासून तिथे पोचायला साधारण तीन तास लागतात. स्वतंत्र गाडीचे साडेसहा लाख सांगितले, सामायिक गाडीत माणशी अडीच लाख. हे लाख इंडोनेशियाच्या रुपियांतले असले, तरी आकडा कानावर पडताच मराठी मध्यमवर्गीय मन सावध होतेच. दोघींचे मिळून दीड लाख वाचले, म्हणजे आपले आठशे रुपये. त्या आठशे रुपयांची हकीकत पुढे आहे.

सकाळी साडेनऊला विमान उतरले. आगमनाच्या व्हिसाचे पाच लाख भरून, शिक्का घेऊन, पट्ट्यावरून बॅगा उचलून आम्ही बाहेर आलो. येता येता मी एक नीटनेटकेपणा केला: विमान कंपनीने बॅगेच्या मुठीला चिकटवलेला, माझे नाव छापलेला कागदी पट्टा फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. रात्रभराच्या प्रवासानंतर आपण पुन्हा स्वच्छ, सुटसुटीत झाल्यासारखे वाटावे म्हणून मी हे नेहमीच करते. आता करत नाही.

गाडीत आमच्याआधी पाच जणांचा एक युरोपीय गट बसलेला होता. ते पाडांगबाईच्या बंदरावर उतरून गिली बेटांकडे जाणारी वेगवान बोट पकडणार होते. चालकदादांनी (बालीत चालकाला 'ब्ली' म्हणतात, म्हणजे दादाच) मागचे दार उघडून आमच्या दोन बॅगा उरलेल्या फटीत बसवल्या आणि दार ढकलून लावले. घोटाळ्याचे मूळ इथेच होते, हे मला नंतर त्या दृश्याची मनात वीस वेळा उजळणी केल्यावर कळले. आम्ही शेवटी चढलो, म्हणून आमचे सामान सर्वांत बाहेरच्या बाजूला राहिले. उतरणार मात्र आम्ही सर्वांत शेवटी होतो. पाडांगबाईला त्या गटाच्या बॅगा काढण्यासाठी आधी आमच्या बॅगा रस्त्यावर काढून ठेवणे भाग होते. त्याच वेळी धक्क्यावरचे हमाल हातगाडी घेऊन आले, बोट सुटायची घाई होती, माझी बॅग काळी होती आणि त्यांच्या सातांपैकी चार बॅगा काळ्या होत्या. नणंदेची लाल बॅग परत गाडीत चढली. माझी हातगाडीवर गेली. आम्ही दोघी त्या वेळी गाडीत माना टाकून झोपलो होतो.

पुढे दीड तासाने आमेदच्या मुक्कामी दार उघडले. "वहिनी, तुझी बॅग कुठेय?" असे नणंद म्हणाली, आणि मी गाडीच्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. चालकदादांचा चेहरा माझ्याहून उतरला होता. त्यांच्याजवळ एक कागद होता आणि त्यावर प्रवाशांची नावे आणि उतरण्याची ठिकाणे होती. कोणाच्या किती बॅगा, याला त्या कागदावर रकानाच नव्हता. गाडीवाल्या कंपनीला संदेश पाठवला, तेव्हा अत्यंत नम्र उत्तर आले की, सामानाची जबाबदारी प्रवाशाची असते आणि आरक्षणाच्या अटींत तसे लिहिलेले आहे. पाहिले तर खरेच लिहिलेले होते. माझ्या प्रवास विम्यातही विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानालाच संरक्षण होते. विमानात बॅग चढते तेव्हा तिला क्रमांक असतो, पावती असते, करार असतो. गाडीत चढली की ती नुसती एक काळी बॅग. आपल्या एसटीत जास्तीच्या सामानाचे निदान लगेजचे तिकीट तरी फाडतात.

बॅगेत काय नव्हते? टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर, हवा भरून तरंगण्याचे जॅकेट, वेटसूट, पायांत घालायचे पंखे, डायव्ह कॉम्प्युटर, बुड्यांच्या नोंदींचे लॉगबुक आणि, सगळ्यात महत्त्वाचा, माझा नंबरचा मास्क. मला उणे पाचचा चष्मा आहे. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, त्याच्या दांड्या कडेच्या रबराखालून बाहेर येतात आणि पाणी शिरते, म्हणून मास्कला नंबरच्या काचा बसवून घ्याव्या लागतात. पर्याय म्हणून घेतलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सही मी शहाणपणाने त्याच बॅगेत ठेवल्या होत्या. लिथियमचे सुटे सेल विमानात हातातल्या पिशवीतच न्यावे लागतात, म्हणून पाण्याखालच्या टॉर्चचे सेल तेवढे माझ्याजवळ उरले. टॉर्च नव्हता, नुसते सेल. नणंदेने ते दोन सेल रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर उभे करून ठेवण्याचा नेम धरला.

बाकी सगळे भाड्याने मिळाले. वेटसूट जरा आखूड होता, पंखे जरा मोठे होते, पण चालले. मास्क मात्र साध्या काचांचा. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू आहे त्याहून सव्वापट-दीडपट मोठी आणि पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते, त्यामुळे लांबचे न दिसणाऱ्यांना पाण्याखाली थोडी सवलत मिळते. उणे दोनवाल्याला ती पुरते. उणे पाचवालीला नाही.

दुसऱ्या दिवशी तुलांबेनला 'लिबर्टी' पाहायला गेलो. हे अमेरिकी मालवाहू जहाज रेल्वेचे भाग आणि रबर घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघाले होते. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्याला लागला. त्याला ओढून सिंगाराजाच्या बंदराकडे नेत असताना पाणी भरतच राहिले, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवले, आणि १९६३ साली अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते तिथून घसरून पाण्यात गेले. आता ते किनाऱ्यापासून इतके जवळ आहे की बोट लागत नाही, चालत पाण्यात शिरायचे. हे सगळे ऐकून नणंद म्हणाली, "म्हणजे यांचेही सामान ठरल्या ठिकाणी पोचले नाही." मी तिच्याशी पाण्यात शिरेपर्यंत बोलले नाही.

तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गोटे आहेत, पायाखाली सरकणारे. त्या गोट्यांवरून गावातल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून हवेच्या टाक्या वाहतात, जॅकेट जोडलेली अख्खी टाकी, काही जणी तर दोन-दोन. एक टाकी रिकामी असतानाच चौदा किलोच्या आसपास भरते. मी मुद्दाम थांबून पाहिले: प्रत्येक टाकीच्या गळ्याला कागदी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पेनाने नाव लिहिलेले. माझ्या टाकीवरच्या नावात एक अक्षर चुकले होते, पण चाळीस-पन्नास टाक्यांच्या त्या ये-जा करणाऱ्या रांगेतून ती बरोबर माझ्याच पायाशी येऊन ठेवली गेली. नंतर त्या बाईंना मी हातवारे करून विचारले की गोंधळ कधी होत नाही का. त्यांनी चिकटपट्टीवर बोट आपटून दाखवले.

पाण्याखाली मला जहाज दिसले, म्हणजे एक मोठा, काळसर, मऊ कडांचा डोंगर दिसला. वाटाड्या पोवळ्यावर बोट ठेवून काहीतरी दाखवत होता आणि नणंद आनंदाने मान डोलावत होती, तेव्हा मला फक्त त्याचे बोट दिसत होते. वर आल्यावर कळले की तिथे नखाएवढी पिटुकली गोगलगाय होती. मीटरभर लांबीचे, कपाळावर टेंगूळ असलेले पोपटमासे मात्र मलाही दिसले. ते एवढे मोठे असतात, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सेल टेबलावर उभे असताना, माझा फोन वाजला. नंबर सिंधुदुर्गातला. पलीकडून आवाज आला, "ताईनू, तुमची बॅग खंय आसा?" मी म्हटले, हरवली. "हरवूक नाय. गिलीक आसा."

घडले होते ते असे. त्या युरोपीय गटाला गिली त्रावांगानवर पोचल्यावर सातांच्या आठ बॅगा झाल्याचे कळले. बॅगेतून पंख्यांची टोके बाहेर डोकावत होती, म्हणून त्यांनी ती बेटावरच्या एका डायव्हिंग केंद्रात नेऊन दिली. केंद्रातल्या माणसाने बाहेरच्या कप्प्यातले लॉगबुक काढले. पहिल्या पानावर माझा पत्ता होता, पण तो लग्नापूर्वीचा, आणि फोन होता माहेरच्या लँडलाइनचा, जी बंद होऊन सात वर्षे झाली. तेव्हा त्याने शेवटचे भरलेले पान उघडले. ते डिसेंबरातले, तारकर्लीचे होते. डायव्ह झाल्यावर लॉगबुकात केंद्राचा शिक्का घेण्याची पद्धत आहे. पुष्कळ जण आळस करतात, मला त्या जांभळ्या शिक्क्यांची लहान मुलासारखी हौस आहे, आणि त्या शिक्क्यात फोन नंबर होता. गिलीतून फोन तारकर्लीला गेला आणि तारकर्लीतून मला आला. गाडीवाल्या कंपनीला मी एव्हाना अकरा संदेश पाठवले होते.

गिलीहून आमेदला थेट बोट येते, तासाभरात. दुपारी आमेदमधल्या जेमेलुकच्या किनाऱ्यावर मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि खलाशाने बॅग डोक्यावरून आणून दिली. आत सगळे जसेच्या तसे होते, फक्त लॉगबुकात त्या गिलीतल्या केंद्राने आपलाही एक शिक्का मारून ठेवला होता, डायव्हचा क्रमांक न लिहिता.

मास्क लगेच वापरात आला. कॉम्प्युटर मात्र नाही. आधीच्या बुड्यांत अंगात किती नायट्रोजन विरघळून उरला आहे याचा हिशेब तो मनगटावरचा यंत्रमहाशय ठेवतो, आणि त्यानुसार पुढच्या बुडीत किती वेळ खाली राहता येईल हे सांगतो. माझ्या कॉम्प्युटरने ते दिवस बॅगेत काढले होते, तेव्हा त्याच्या मते मी अजून पाण्याला पायही लावला नव्हता. म्हणून शेवटपर्यंत भाड्याचाच वापरावा लागला. कुतूहल म्हणून एकदा दुसऱ्या हातात माझाही बांधला. अठरा मीटरवर तो मला खुशाल अधिक मिनिटे देत होता. वाटाड्याने माझी दोन्ही मनगटे पाहिली आणि भाड्याच्या कॉम्प्युटरवर बोट ठेवले.

परतीलाही आम्ही सामायिक गाडीच घेतली. शेवटच्या बुडीनंतर किमान अठरा तास विमानात बसायचे नसते, त्यामुळे वेळ भरपूर होता. चालक तेच दादा निघाले. आमेदला त्यांनी माझी बॅग स्वतः उचलली. तिच्या मुठीला आता चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नाव होते. त्यांनी ते वाचून पाहिले आणि बॅग सर्वांत आत, सीटच्या पाठीला टेकवून ठेवली. पाडांगबाईला गाडी थांबली, हमाल हातगाडी घेऊन धावत आले, आणि दादांनी मागचे दार उघडण्यापूर्वी पुढे येऊन माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केली.