सन कॉन्युर शुद्ध आहे का ते तपासताना – माझा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर सन कॉन्युर या पिवळ्या पोपटांच्या काही जोड्या आहेत. त्यातल्या एका नराच्या पंखावरचं हिरवं काही केल्या जाईना. सनची पिल्लं हिरवटच असतात, मोठी होताना पिवळी पडतात, त्यामुळे विकणारा "अजून लहान आहे, होईल पिवळा" म्हणून मोकळा. पण जेंडे कॉन्युर या त्याच्या जवळच्या जातीचे पंख मोठेपणीही हिरवेच राहतात, आणि या दोघांचा क्रॉस पिंजऱ्यात सर्रास होतो, वर त्या क्रॉसलाही पुढे पिल्लं होतात. सन जंगलात धोक्यात आलेली जात आहे, म्हणून म्हटलं नवीन जोडी लावायच्या आधी छडा लावू.

डीएनए सेक्सिंगच्या लॅबला विचारलं तर म्हणे यातून जात कळत नाही, फक्त नर-मादी. मग पुण्यात बायोटेक करणाऱ्या भाचीला फोन. ती म्हणाली, "मामा, छातीची चार-पाच पिसं मुळासकट उपट, गळलेली नकोत, आणि कागदी पाकिटातच ठेव, प्लास्टिकमध्ये ओल धरते."

आधी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बघितला, सन निघाला. मी खूश! ती नाही. कारण तो फक्त आईकडून येतो, बाप जेंडे असला तरी त्यात दिसणारच नाही. मग न्यूक्लियर मार्कर लावले, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएमधल्या, दोन जातींत वेगळ्या असणाऱ्या खुणा बघितल्या, तर जवळपास प्रत्येक ठिकाणी एक प्रत सनची, एक जेंडेची, म्हणजे सरळ पहिल्या पिढीचा हायब्रिड.

ताडून बघायला खात्रीचे सन लागतात आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याची खात्री कोण देणार, म्हणून तिच्या गाईडनी गयाना-ब्राझीलच्या जंगली पक्ष्यांचा डेटा धरला. बाकीचे माझे पक्षी १० मार्करवर स्वच्छ आले, पण पणजोबा हायब्रिड असेल तर १० मार्करमधून चारातला एक पक्षी सुटून जातो, हे गणित ऐकून माझा चेहराच पडला. ब्राझीलच्या अलागोआस क्युरॅसो या पक्ष्याचं तर याहून अवघड, जंगलातून संपलेला, पिंजऱ्यातली सगळी पैदास तीन पक्ष्यांपासूनची आणि त्यातही दुसऱ्या जातीशी क्रॉस झालेला, तिथेही डीएनएवरूनच शुद्ध पक्षी वेगळे काढावे लागले.

तो नर आता वेगळ्या पिंजऱ्यात आहे, विकणार नाही. बाकीच्यांना अजून मार्कर लावायचेत, नाशिकची थंडी जरा ओसरली की पुन्हा पिसं काढून पाठवीन.