सहाव्या मजल्याच्या तीन फूट खाली

जुफेरमध्ये बारची गल्ली उभी असते. बहारीनमध्ये बार बहुतेक हॉटेलांच्या आतच. त्यामुळे रस्त्यावरून चालत गेलात तर शोर्मा, लाँड्री, मोबाइलची दुकानं आणि टॅक्सीवाले एवढंच दिसेल. खरी वर्दळ वर. दुसऱ्या मजल्यावर फिलिपिनो बँड, चौथ्यावर स्पोर्ट्स बार, सातव्यावर आणखी एक. माणसं एका बारमधून दुसऱ्यात जातात ती लिफ्टनं. लिफ्ट बंद पडली की फोन आमच्याकडे, मेंटेनन्सवाल्यांकडे.

हे सगळं इथंच का, तर पलीकडे अमेरिकन नौदलाचा तळ आहे. १९३५ पासून ब्रिटिशांचा होता, १९७१ मध्ये ते गेले आणि अमेरिकनांनी त्यातला भाग घेतला. १९९५ पासून त्यांच्या पाचव्या ताफ्याचं मुख्यालय इथं आहे. गुरुवारी रात्री त्यात सौदीहून येणाऱ्यांची भर पडते. समुद्रावरचा पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडला की झालं. रमझानमध्ये दारू बंद, तेव्हा महिनाभर शांतता असते आणि दोर बदलण्यासारखी मोठी कामं आम्ही त्याच महिन्यात उरकतो. बाकी वर्षभर गुरुवारची नाइट ड्यूटी कुणालाच नको असते.

तो ऑगस्टमधला गुरुवार होता, आणि बंदरात जहाज लागलेलं. हॉटेलचा फोन आला तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. पाच आणि सहाच्या मध्ये लिफ्ट अडकलीय, आत माणसं. किती? ऑपरेटर म्हणाला, आठ असतील. लिफ्टवर पाटीच आठ जणांची, ६३० किलोची, म्हणून त्यानं आठ सांगितलं असणार.

मशीनरूम गच्चीवर. मध्यरात्रीही तिथं भट्टी लावल्यागत उकाडा. मेन स्विच खाली ओढला आणि इंटरकॉम उचलला. पलीकडून एका बाईनं स्वच्छ उत्तर दिलं, "अकरा आहोत. एकाला मळमळतंय. बाकी ठीक." ही दुसऱ्या मजल्यावरच्या बँडची गायिका. मग एक पोरगा बोलायला लागला. जीभ जड झालेली, पण प्रश्न ऐकून मी सावरून उभा राहिलो. "सेफ्टी बसलीय का? आम्ही उड्या मारत होतो, मग एकदम खाली गेली आणि खाडकन थांबली." तो जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता.

लिफ्टचा वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारं चाक, आपला वेगळा दोर पकडतो आणि केबिनखालच्या पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडतात. केबिनचा मुख्य दोर तुटला तरी ती पडू नये म्हणून ही सोय. पण एकदा पाचर बसली की केबिन खाली हलत नाही. वर उचलली तरच सुटते. अकरा धिप्पाड माणसं आत असताना हातचाकानं ती वर ओढायची कुणाची टाप आहे?

सुपरवायझरना फोन लावला. राजापूरचे आहेत, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो.

"भाऊ, पाचरी बसल्यात."

"मग ब्रेकला हात नको लावू हां. केबिन मजल्याच्या वर आहे की खाली?"

"सहाव्याच्या खाली, तीनेक फूट."

"बरंय मग. वरून काढ सगळ्यांना. घाई करू नको, त्यांना घाई असू दे."

केबिन मजल्याच्या वर अडकली असती तर उतरताना पाय घसरून माणूस तिच्याखालून थेट शाफ्टमध्ये गेला असता. खाली असली की तो धोका नाही, फक्त वर चढायचं. माझ्या केरळी जोडीदारानं तिकोनी चावीनं सहाव्याचं दार उघडलं. आतून बिअरचा, घामाचा आणि परफ्यूमचा वास एकदम अंगावर आला. शिडी गाडीतच राहिली होती, म्हणून सहाव्याच्या बारमधून एक उंच स्टूल आणून आत सोडलं. इंजिनरूमवाल्या पोरानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

आधी गायिकेचे उंच टाचांचे बूट वर आले, एकेक करून. ती मात्र आली नाही. मळमळणाऱ्याला पुढे काढलं, मग पांढऱ्या थोबमधले दोन सौदी, मग ती. बूट घातले, केस नीट केले आणि जिन्यानं खाली पळाली. तिचा दुसरा सेट सुरू व्हायचा होता. तिच्या नोकरीत अडकण्याची सवड नसावी.

तोवर जिन्यातून शोअर पेट्रोलचे, म्हणजे खलाशांवर लक्ष ठेवणाऱ्या नौदलाच्या गस्तीचे, दोघं वर आले, दंडावर पट्टी बांधलेले. सुटीवर बाहेर पडलेल्या खलाशांना ठरलेल्या वेळेत तळावर परतावं लागतं, आणि ती वेळ टळली होती. पोरं एकदम शाळकरी झाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण उशिराचा कागद माझ्याकडूनच मिळणार होता.

रिकामी केबिन काउंटरवेटपेक्षा, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनापेक्षा, हलकी. ब्रेक सोडला, चाकाला थोडा जोर दिला, ती आपसूक वर सरकली आणि पाचरी सुटल्या. मग पॅनेल तपासलं. ओव्हरलोडचा बझर वाजायला हवा होता. त्याची वायर काढून, टोकाला व्यवस्थित टेप गुंडाळून बाजूला ठेवली होती. टेप आमची नव्हती.

रिपोर्टचं पॅड काढलं तसे ड्यूटी मॅनेजर जवळ आले. "कारणात पॉवर फ्लक्चुएशन लिहा." मागून पोरांनी जोरजोरात माना डोलावल्या. उड्यांचं नाव निघू नये हे त्यांना हवं होतं, बझरचं नाव निघू नये हे मॅनेजरांना. एवढं एकमत मी त्या हॉटेलात कधी पाहिलं नव्हतं. पण शेजारची दुसरी लिफ्ट पूर्ण वेळ चालू होती, बर्फाचं मशीन चालू होतं, आणि खाली सही माझी होती. मी लिहिलं: ओव्हरलोड, सेफ्टी गिअर बसला, बझरची वायर काढलेली आढळली. अडकल्याची वेळ ११.५०, सुटकेची १२.४०.

पेट्रोलवाल्यानं मोबाइलनं त्या कागदाचा फोटो घेतला. त्याला फक्त दोन वेळा हव्या होत्या. कारणाच्या रकान्याकडे त्यानं पाहिलंही नाही. इंजिनरूमवाला जाता जाता थांबला आणि रुळांना ओरखडे पडले असतील, ते घासून घ्या म्हणाला. पडलेच होते. पहाटेपर्यंत कानस घेऊन तेच करत बसलो होतो.

मॅनेजरांनी तक्रार केली, ती भाऊंनी परस्पर निस्तरली. पुढे मेंटेनन्सचा करार नूतनीकरणाला आला तेव्हा हॉटेलची एकच मागणी होती: बझर राहू दे, पण त्याचा आवाज थोडा कमी करता येईल का?