कल्याण कॅम्प कादंबरी, प्रगती नोंद: निर्वासित सावकाराकडे वाचक कधी झुकतो

प्रकरण १ ते ८ चं पुनर्लेखन संपलं. शब्दसंख्या ३१,००० वरून २६,५०० वर आली. गेलेले शब्द जवळजवळ सगळे एकाच प्रकारचे होते: किशनचंदचं मागचं आयुष्य सांगणारे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. किशनचंद, वय ४६, सिंधमधल्या शिकारपूरचा सावकार. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर सिंधी हिंदूंचा जो मोठा लोंढा निघाला त्यात तो फेब्रुवारीत बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याण कॅम्पात येतो. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने बांधलेल्या बराकी, गोणपाटाचे पडदे लावून पाडलेल्या खोल्या. सोबत बायको, विधवा सून आणि एक ट्रंक. ट्रंकेत चौदा वह्या आहेत. त्यांत शिकारपूरच्या आसपासच्या हारींकडची, म्हणजे मुसलमान कुळांकडची येणी लिहिलेली आहेत, आणि ती आता कधीच वसूल व्हायची नाहीत.

असा माणूस वाचकाच्या मनात कसा उभा करायचा, हाच या टप्प्याचा प्रश्न होता.

निर्वासित पात्र हातात घेतलं की आधी नुकसानीची यादी लिहावीशी वाटते. तीन मजली हवेली, टांगा, पेढी, बायकोचे दागिने. यादी लांबली की कणव वाढेल, असा आपला हिशेब असतो. घडतं उलटच, कारण यादी समोर आली की वाचकही हिशेबाला बसतो, आणि मग त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे एवढं आलं कुठून? मराठी वाचकाच्या बाबतीत तर अडचण दुप्पट आहे. सावकार आणि त्याच्या वह्या म्हटलं की १८७५ चं सुपे आठवतं. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून रोखे, वह्या काढून जाळल्या आणि दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्या आठवणीवर वाढलेल्या वाचकाने वह्या छातीशी धरून आलेल्या माणसासाठी पहिल्याच पानावर हळहळावं, ही अपेक्षा धरता येत नाही. त्याच्या जोडीला, कल्याण कॅम्पाचंच पुढे जे उल्हासनगर झालं तिथल्या ‘मेड इन यूएसए’ (म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) मालाचा विनोद महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेला आहे. पात्राने तोंड उघडण्याआधीच वाचकाने त्याच्याबद्दल अर्धं मत बनवलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याने सुरुवात तिथून आहे असं धरूनच करायला हवी.

यावर एक सोपी वाट दिसते: सावकारी लपवायची, वाचक पुरता जवळ आला की उघड करायची. ती आम्ही बाजूला ठेवली आहे. उशिरा उघड केलेलं पूर्वायुष्य वाचकाला फसवणूक वाटतं, आणि त्याचा राग पात्रावर निघतो. म्हणून वह्या पहिल्याच प्रकरणात दिसतात, पण वाचता येत नाहीत. त्या हटवाणिकी लिपीत आहेत. ही सिंधी व्यापाऱ्यांची लिपी, हिच्यात काना-मात्रा नसतात. ज्याने लिहिलं त्याला आणि त्याच्या धंद्यातल्या माणसाला ती लागते, बाकीच्यांना नाही. गोदीवरच्या झडतीत वही उघडली जाते, अंमलदार दोन पानं उलटतो आणि परत टाकतो. वाचकाला एवढंच कळतं की हा माणूस सोन्याऐवजी कागद घेऊन निघाला आहे.

मग पूर्वायुष्य कळायचं कसं? हातांच्या सवयीतून. प्रकरण १ मधला जुना परिच्छेद सुमारे ९०० शब्दांचा होता. त्याच्या जागी आता हे आहे:

“नळाच्या रांगेत पुढच्या माणसाने आठ आणे उसने मागितले. किशनचंदने दिले, आणि देता देताच त्याचा डावा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. पेन्सिल नव्हती. माणूस पाणी भरून निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं होतं.”

यात तो कोण होता ते आहे, त्याच्याकडे काय उरलं नाही ते आहे, आणि त्याने उसने दिले हेही आहे. वाचक झुकतो तो या तिसऱ्या गोष्टीला. पण दुसऱ्या बाजूने पेन्सिल शोधणारा हात नसेल तर आठ आणे देणं नुसतं चांगुलपणाचं प्रदर्शन होतं आणि पात्र गुळगुळीत होतं. दोन्ही एकाच हालचालीत यावं लागतं. असा प्रसंग बसवताना एक पथ्य पाळा: सवयीचा अर्थ निवेदकाने सांगायचा नाही. “त्याची सावकारी सवय जागी झाली” असं एक वाक्य जरी खाली जोडलं, तरी परिच्छेद मेला.

प्रकरण ३ मध्ये बदल छोटा आहे. किशनचंदला मागे राहिलेल्या भावाचं पत्र येतं. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, त्यामुळे पोस्टमन ते उर्दू समजतो आणि पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहतो. किशनचंद खुलासा करत नाही. जुन्या खर्ड्यात तो करायचा, आणि तो खुलासा खरं म्हणजे वाचकासाठी होता.

आता प्रकरण ५. सर्वांत जास्त वेळ त्याला गेला आणि तिथेच कादंबरी उभी राहते, असं आमचं ठाम मत आहे. मुद्दा असा: पूर्वायुष्य कोण सांगतो, यावर त्याचं वजन ठरतं. किशनचंदने स्वतः सांगितलं तर ती तक्रार होते किंवा बढाई. बायकोने सांगितलं तर विलाप होतो, आणि वाचक बायकोकडे झुकतो, त्याच्याकडे नाही. कॅम्पातल्या मराठी कारकुनाने सांगितलं तर ती ऐकीव माहिती. तिन्ही लिहून पाहिल्यावर सांगणारा चौथाच निवडला: गोणपाटाच्या पलीकडे राहणारा मोटूमल. शिकारपूरच्या ढक बाजारात त्याचं लोणच्याचं दुकान होतं आणि ते किशनचंदकडे गहाण होतं. म्हणजे तोही निर्वासित, आणि किशनचंदचा देणेकरी.

मोटूमल रेशन कारकून दामल्यांना सांगतो: “व्याज? साहेब, एक दिवसाचं कधी सोडलं नाही त्याने. आई गेली त्या रात्री लाकडं मात्र त्याच्या वखारीतून आली. तीही वहीत लिहिली असतील. मी कधी विचारलं नाही.”

ही साक्ष चालते, कारण मोटूमलला किशनचंदची बाजू घ्यायचं काही कारण नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडून आलेलं अर्धं बरं वाक्य वाचक लगेच मान्य करतो. मित्राने केलेली पानभर स्तुती मान्य करत नाही. प्रमाण सांभाळायला हवं. मोटूमलला पाच-सहा वाक्यांपेक्षा जास्त दिली की तो किशनचंदचा वकील वाटू लागतो. आणि “लिहिली असतील” हा संशय काढायचा नाही. वहीत लाकडं लिहिली होती की नाही, ते कादंबरीत कुठेही उघड होत नाही.

मोटूमलमुळे आणखी एक गोष्ट जमली. दोघं एकाच बराकीत, एकाच नळावर. सावकार आणि देणेकरी यांच्यातलं अंतर चार फुटांवर आलं. पण मिटलं नाही, आणि ते मिटवायचा मोह टाळायला हवा. “दुःखाने सगळे सारखे झाले” हा निर्वासितांच्या कथांमधला सर्वांत खोटा सूर आहे. ज्याच्याजवळ धंद्याची अक्कल, नातेवाईक आणि मुंबईत ओळखीची एखादी पेढी होती तो लवकर उभा राहिला. दुसऱ्याचं तसं झालं नाही.

इथेच जात येते. कराचीतल्या दलित सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली सिंध सोडू दिलं जात नव्हतं, डॉ. आंबेडकरांनी त्याबद्दल नेहरूंना लिहिलं होतं. सवर्णांच्या बोटी भरून येत असताना त्यांना धक्क्यावर अडवलं जात होतं. ही गोष्ट प्रकरण २ मध्ये, बोटीवर चढतानाच किशनचंदच्या नजरेला पडते. तो पाहतो आणि पुढे सरकतो. त्या दोन ओळींमुळे काही वाचक त्याच्यापासून दूर जातात, आणि ते बरोबरच आहे. त्या ओळी राहणार.

तथ्यांच्या बाबतीत या टप्प्यात काढलेल्या चुकांची नोंद, कारण याच काळावर लिहिणाऱ्या इतरांनाही त्या सापडतील. सिंधची फाळणी झाली नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. म्हणून पंजाबातली प्रेतांनी भरलेली आगगाडी उचलून शिकारपूरच्या माणसाच्या आठवणीत बसवायची नाही. तिथली भीती हळूहळू चढत गेली: शेजारच्या घरात आजच्या उत्तर प्रदेशातून आलेलं कुटुंब, ओळखीच्यांनी बोलणं तोडणं, एक एक दुकान बंद होणं. उसन्या रक्तपाताने वाचक क्षणभर हलतो, पण जाणकार वाचकाचा विश्वास पुढच्या सगळ्या पानांवरून उडतो. ‘उल्हासनगर’ हे नाव ८ ऑगस्ट १९४९ पासूनचं, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली तेव्हाचं. त्याआधी प्रत्येक संवादात कल्याण कॅम्प. नवे पैसे १९५७ चे, त्यामुळे रुपये, आणे, पै. आणि जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू झालं, तेव्हा त्यानंतर “जाऊन एकदा घर बघून येतो” हे वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी सहज येऊ शकत नाही. ही शेवटची गोष्ट कथानकाच्या फार कामाची आहे: प्रकरण ६ मध्ये किशनचंद परत जायचा बेत आखतो आणि दार बंद होतं.

वाचन-चाचणीची पद्धतही सांगतो, म्हणजे कोणाला वापरायची तर वापरता येईल. वाचकाला छापील प्रत आणि दोन पेन्सिली द्या. पात्र जवळचं वाटलं तिथे निळी रेघ, संशय आला तिथे लाल. कारण लिहायचं नाही. कारण लिहायला लावलं की माणसं शहाण्यासारखी वाचायला लागतात. दोन आवृत्त्या तपासायच्या असतील तर वाचक वेगळे हवेत. पात्राशी एकदा ओळख झालेला वाचक दुसऱ्या आवृत्तीला कामाचा नाही. सगळ्या प्रती शेजारी मांडून रेघा कुठे गोळा होतात ते पाहा. एकट्या निळ्या रेघांचं पान धोक्याचं असतं, तिथे आपण वाचकाची मनधरणी करत असतो. निळी आणि लाल एकाच वाक्याखाली आली की समजावं, पात्र जिवंत आहे. पेन्सिलीच्या परिच्छेदाखाली आणि मोटूमलच्या शेवटच्या वाक्याखाली आता तशाच रेघा येत आहेत. पोस्टमनच्या प्रसंगाखाली नुसती निळी येते, तो अजून घासायचा आहे.

पुढचं काम प्रकरण ९, मालमत्तेचे दावे. १९५० च्या कायद्याखाली निर्वासितांनी मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे नोंदवले. स्थावर म्हणजे घर, जमीन. वह्यांतली येणी त्यात धरली जात नव्हती. चौदा वह्यांची किंमत सरकारदरबारी शून्य. हवेलीचे कागद शिकारपुरात राहिले आहेत, तेव्हा गावच्या माणसाची साक्ष लागणार, आणि गावचा माणूस म्हणजे मोटूमल. फुगवलेले दावे त्या काळात सर्रास होते. पुढे १९५४ च्या कायद्याखाली दावा जितका मोठा तितकी भरपाईची टक्केवारी कमी ठेवली गेली, पण ते १९५० मध्ये कोणाला ठाऊक नव्हतं.

हवेलीला खोल्या आठ. किशनचंद अर्जात बारा लिहितो, आणि सहीसाठी तो अर्ज मोटूमलपुढे येतो. मोटूमल सही करतो, हे ठरलं आहे. त्याबदल्यात काही मागतो का, ते ठरलेलं नाही. गहाणवट माफ कर म्हणाला तर वाचक दोघांपासूनही दूर जाईल. काहीच मागितलं नाही तर तो संत होईल, आणि प्रकरण ५ मधली त्याची साक्ष मागे जाऊन पोकळ पडेल. सध्या तिसरा पर्याय लिहून पाहतो आहोत: तो आठच लिहायला सांगतो, किशनचंद नकार देतो, आणि तरीही तो सही करतो. हा खर्डा महिनाअखेरीस वाचकांकडे जाईल. निळ्या-लाल पेन्सिली घेऊन वाचायला तयार असणाऱ्यांनी कळवा. अट एकच, आधीची प्रकरणं वाचलेली नसावीत.