हरणाऱ्यांच्या बाजूचं तिकीट

क्योटो झालं, हाकोने झालं, फुजी ढगात होता. जपानला जाऊन आलेल्या प्रत्येकाने हे सगळं लिहून ठेवलंय आणि त्यांचे फोटो माझ्यापेक्षा बरे आहेत, त्यामुळे त्यात मी पडत नाही. क्योटोतल्या त्या लाल कमानींच्या देवळात एवढी चेंगराचेंगरी होती की त्यापेक्षा आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात ऐसपैस वाटावं. लिहायचंय ते टोकियोतल्या एका शनिवारबद्दल. त्या दिवशी मी बेसबॉलची मॅच बघितली. बेसबॉल मला तेव्हाही कळत नव्हता, आताही बेताचाच कळतो.

धाकटी बहीण निशी-कासाईला राहते. टोकियोत आपल्या लोकांचा हाच अड्डा. इथल्या एदोगावा वॉर्डाच्या कौन्सिलवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. भाचा तेरा वर्षांचा, जपानी शाळेत जातो, घरात मराठी बोलतो आणि झोपेत जपानी. त्याला बेसबॉलचं वेड. "मामा, प्रो मॅचची तिकिटं संपली. युनिव्हर्सिटीची बघू या, आणि आपण तोदाईच्या बाजूला बसू," असं त्यानं शुक्रवारी रात्रीच ठरवून टाकलं होतं. तोदाई म्हणजे टोकियो विद्यापीठ. मी विचारलं, टीम चांगली आहे का? तर म्हणे, "नाही, शेवटची आहे. नेहमीच."

मी इकडे एका कॉलेजात वीस-पंचवीस वर्षं शिकवतोय. विद्यापीठाचे सामने म्हणजे काय ते मला माहीत आहे: दोन टीम, एक पंच, चहाचा थर्मास, आणि झाडाखाली बसलेले क्रीडाशिक्षक. बेसबॉलच्याही टीम असतात आपल्या विद्यापीठांच्या, पण त्यांची चर्चा होते ती ग्रेस गुणांच्या आणि खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाच्या वेळी. शनिवारची सकाळ कॉलेजच्या मॅचवर घालवायची या कल्पनेनं मी मनातून वैतागलोच होतो. पण भाच्याला नाही कसं म्हणायचं.

निहोम्बाशीला गाडी बदलून गाइएनमाए स्टेशनला उतरलो. जिंगू स्टेडियम तिथून चालत. 1926 चं बांधकाम, अमेरिकन बेसबॉलचा दादा खेळाडू बेब रूथ इथे 1934 मध्ये खेळून गेलाय, आणि आता हे पाडून शेजारी नवं बांधायचं घाटतंय. त्यापायी आसपासची झाडं तोडण्यावरून बराच वादही पेटलाय. स्टेडियम पाहून मला ते पाडणं पटलं नाही. खुर्च्या अरुंद आहेत, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात, स्वच्छतागृहासाठी रांग. पण मैदान इतकं जवळ की पिचरच्या (म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या) बुटाखालची माती दिसते. याकुल्ट स्वॅलोज ही प्रो टीम याच मैदानावर खेळते. तरी दिवसा विद्यापीठांची मॅच असली की प्रो मंडळी संध्याकाळपर्यंत थांबतात. मैदान आधी पोरांचं. हे भाच्याकडून ऐकल्यावर मी जरा सावरून बसलो.

सहा विद्यापीठांची ही लीग 1925 पासूनची: वासेदा, केइओ, मेईजी, होसेई, रिक्क्यो आणि तोदाई. वर्षातून दोन हंगाम, एक एप्रिल-मेमध्ये, दुसरा सप्टेंबरपासून. हिशेब मजेशीर आहे. एका प्रतिस्पर्ध्याला दोनदा हरवलं की एक गुण. शनिवारी एक मॅच, रविवारी दुसरी. एक-एक झाली तर सोमवारी तिसरी. "तोदाईला सोमवार लागतच नाही," भाचा म्हणाला.

आणि गंमत म्हणजे जपानात बेसबॉल आला तो यांच्याच दारातून. 1872 मध्ये होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन मास्तरानं तो ज्या संस्थेत शिकवला, तीच पुढे टोकियो विद्यापीठ झाली. 1896 मध्ये योकोहामाच्या परदेशी लोकांच्या क्लबला 29-4 असं धुणारी जी शाळा, ती पण नंतर याच विद्यापीठात विलीन झाली. हायकूवाला मासाओका शिकी इथलाच विद्यार्थी, आणि कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) म्हणून खेळायचा. उएनोच्या बागेतल्या बेसबॉलच्या मैदानाला त्याचं नाव आहे. एवढं घराणं असून विजेतेपद एकदाही नाही. सगळ्यात चांगली कामगिरी 1946 ची, युद्धानंतरचा पहिला हंगाम: दुसरा नंबर. कारण उघड आहे. बाकीच्यांकडे कोशिएनच्या शालेय स्पर्धेत नाव कमावलेली पोरं येतात. इथे खेळाच्या जोरावर प्रवेश नाही. त्या भयंकर प्रवेश परीक्षेतूनच यायचं. म्हणजे मैदानावरचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) हा देशातल्या वरच्या फळीतला परीक्षार्थी असतो, आणि त्याच्यासमोर बॅट घेऊन उभा असलेला गडी दहा वर्षांचा असल्यापासून दुसरं काही करत नसतो.

2010 च्या शरद हंगामापासून 2015 च्या मेपर्यंत ही टीम सलग 94 मॅच हरली. चौऱ्याण्णव! मग होसेईला दहाव्या इनिंगमध्ये 6-4 हरवलं. कॉलेजला चार वर्षं असतात. म्हणजे एखादा मुलगा पहिल्या वर्षी टीममध्ये आला, घाम गाळला, आणि एकही विजय न बघता पदवी घेऊन गेला. हे मी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं आणि गप्प झालो.

त्या दिवशी समोर मेईजी होती. मेईजी म्हणजे दादा टीम.

आम्ही बसलो ते चिअरिंगवाल्या विद्यार्थ्यांच्या अगदी मागे. खाली कट्ट्यावर एक मुलगा उभा. मे महिन्याचं ऊन, आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा जाड कोट, हातात पांढरे हातमोजे. त्याच्या मागे ढोल, पितळी वाद्यं, आणि फिकट निळ्या कपड्यातल्या मुली. मॅच सुरू होण्याआधीच त्यानं पाठ मैदानाकडे केली आणि आमच्याकडे तोंड करून ओरडायला लागला. पुढचे दोन-अडीच तास त्यानं मॅच जवळजवळ बघितलीच नाही. मागे काय चाललंय ते त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळत असावं.

टाळ्या ठरलेल्या, हात वर करायचे ते ठरलेलं, थांबायचं ते पण ठरलेलं. मला ही असली कवायत आवडत नाही. पैसे देऊन आलोय, मला बसू द्या की. पण शेजारच्या आजीबाईंनी (नातू वगैरे टीममध्ये नसावा, त्या एकट्याच आलेल्या) माझ्या हातात टाळ्यांचा कागद ठेवला आणि बोट लावून दाखवलं, आता हे. नाइलाजानं टाळ्या पिटल्या. "मामा, तू एक टाळी मागे आहेस," भाचा. मग त्याच्यासाठी पुन्हा.

पहिल्या तीन इनिंगमध्येच निकाल लागला होता. तोदाईच्या पिचरचा बॉल फळ्यावर ताशी 118, 121 किलोमीटर असा वेग दाखवायचा. मेईजीचा पिचर सहज 145 ओलांडायचा. 0-2, मग 0-6. आमचा पिचर काही वाईट टाकत नव्हता. कडेकडेनं, हळू, विचार करून टाकत होता, दोन जणांना त्यानं चकवलंही. पण तिसरा उभा राहिला की बॉल थेट उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये. भाच्यानं मला माहिती पुरवली की 2001 मध्ये याच दोन विद्यापीठांच्या मॅचमध्ये दोन्हीकडून मुलींनी पिचिंग केलं होतं. तेरा वर्षांच्या पोराला स्वतःच्या जन्माच्या आधीचं हे सगळं पाठ आहे, आणि पाढे मात्र बारापर्यंतच. बहिणीची ती वेगळी तक्रार.

सातव्या इनिंगला स्कोअर 0-10. आपल्याकडे असतं तर अर्धं स्टँड रिकामं झालं असतं, आणि उरलेलं अर्धं कोचच्या नावानं शंख करत असतं. इथे सगळे उभे राहिले. डाव्या कोपऱ्यात एक मुलगा विद्यापीठाचा प्रचंड झेंडा घेऊन उभा होता. खांबाचं टोक कमरेच्या पट्ट्यातल्या खाचेत रोवलेलं, पाय फाकवलेले, अंग मागे झुकवलेलं. वारा सुटला की अख्खं कापड ओढ घ्यायचं आणि त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या. दुसरा एक मुलगा मागे नुसता हात पुढे करून उभा, झेंडा पडलाच तर धरायला. पण हात लावत नव्हता. लावला तर बहुधा कमीपणा. मी मॅच सोडून त्या झेंडेवाल्याकडेच बघत राहिलो.

आणि त्या इनिंगला आमची एक रन झाली. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. एक वॉक (पिचरचे चार बॉल भरकटले की बॅटवाल्याला फुकट मिळणारा पहिला बेस), एक चुकार फटका, मग जमिनीवरून गेलेला साधा बॉल, तोवर तिसऱ्या बेसवरचा मुलगा धडपडत घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचला, छाती मातीत घासत. 1-10. झालं! स्टँडमधल्या सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले आणि डोलत गायला सुरुवात. माझ्या एका खांद्यावर भाच्याचा हात, दुसऱ्यावर त्या आजीबाईंचा. त्या माझ्या दंडापर्यंतही येत नव्हत्या, त्यामुळे मी वाकून डोलत होतो. शब्द येत नव्हते म्हणून नुसता आ-आ करत होतो. ट्रम्पेटवाली मुलगी वाजवता वाजवता हसत होती आणि सूर फाटत होते. काळ्या कोटातल्या त्या मुलाचा आवाज तोवर पार बसलेला. तो फक्त तोंड उघडत होता आणि हातांनी सांगत होता. हनुवटीवरून घाम थेंबाथेंबानं पांढऱ्या हातमोज्यांवर पडत होता.

मला तिथे स्वतःच्या कॉलेजची आठवण आली आणि राग आला. आमची मुलींची सॉफ्टबॉल टीम एकदा पहिल्या फेरीत हरली, तर पुढच्या वर्षी प्रवासखर्च मंजूर करायच्या बैठकीत सरळ विचारणा झाली: निकाल काय? त्या बैठकीत मीही होतो. टीम गेली ती एस.टी.नं, जेवणाचे डबे घरून. बघायला आमच्यातलं कोणी गेलं नाही.

मॅच 1-12 संपली. टीम स्टँडसमोर ओळीत आली, टोप्या काढून कमरेत वाकली. बसलेल्या आवाजाच्या त्या मुलानं मग एक लांब श्वास घेतला आणि पलीकडच्या स्टँडकडे वळून, अंगातला उरलासुरला जोर काढून, ओरडला: "फ्रेऽऽ, फ्रेऽऽ, मेईजी!" ज्यांनी बारा रन ठोकल्या त्यांच्या नावानं. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी तो घोष तीनदा उचलला. मग पलीकडून, जिंकलेल्यांच्या बाजूनं, त्यांच्या झेंड्याखालून, तसाच घोष आमच्या नावानं आला. भाचा म्हणाला, हे प्रत्येक मॅचला असतं, ठरलेलंच. असेना का. ठरवून का होईना, कोणीतरी ठरवलं ना!

बाकी सोयीगैरसोयीचं सांगायचं तर शाकाहारी माणसानं या स्टेडियममध्ये उपाशी राहायची तयारी ठेवावी. उदोन दिसतात साधे, पण त्या पाण्यात मासा असतो. हे मला अर्धा वाडगा संपल्यावर भाच्यानं शांतपणे सांगितलं. कचरापेट्यांचा सगळ्या शहरातच दुष्काळ, त्यामुळे रिकामी बाटली आणि टाळ्यांचा तो कागद खिशात घेऊन मी गिंकगोच्या झाडांखालून स्टेशनपर्यंत आलो.

रविवारी बहिणीनं निक्कोचं बुकिंग केलेलं. निक्को सुंदर आहे. देवळाच्या पायऱ्यांवर भाच्यानं फोन काढला, बघितला, परत खिशात ठेवला. मी विचारलं किती. "तीन-नऊ." थोड्या वेळानं म्हणाला, "तीन म्हणजे कालपेक्षा दोन जास्त."

आता तो प्रत्येक वीकेंडला मला स्कोअर पाठवतो. 2017 च्या शरद हंगामात तोदाईनं होसेईला दोनदा हरवून गुण घेतला होता, 15 वर्षांनी. तसं पुन्हा होईल तेव्हा आपण स्टँडमध्ये असायला हवं, असं त्याचं म्हणणं. बहीण म्हणते, "दादा, सप्टेंबरात ये, तेव्हा हवा बरी असते." तिकिटाचे भाव बघतोय. या वेळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत नेणार, आणि त्या आजीबाईंसाठी पण चार जास्त.